काळी दोन

“सर, पट्टी चुकलीया,” आदर्श म्हणाला आणि त्यानं गिटारच्या तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला.

चुकण्याचं मला नवल नाही. मी प्लॉट घेताना चुकलो, सरकारी नोकरीचा फॉर्म वेळेत भरला नाही तिथं चुकलो, आणि घरात दूध उतू जातं ते माझ्याच चुकीनं जातं असं माझी बायको राजमती सांगते, म्हणजे ते खरंच असणार. पण पट्टी? मी सहा वर्षांचा असल्यापासून सत्तेचाळीस पुरी होईपर्यंत, वृषभची पट्टी चुकली असं म्हणणारा माणूस निपाणीत जन्मला नव्हता. तो आता बेळगावात, शहापुरातल्या माझ्याच क्लासच्या खोलीत, माझ्याच सतरंजीवर मांडी घालून बसला होता. माझ्या मुलीच्या कॉलेजातला, हनुवटीवर मोजून चार केस. मी हसलो. म्हटलं, “पोरा, तुझी गिटार उतरलीया. अर्धा सूर चढव.” त्यानं वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. त्यानं मोबाईल काढला, सूर मोजायचं ॲप उघडलं, तार छेडली आणि पडदा माझ्यापुढं धरला. मग दुसऱ्या मोबाईलवर मूळ गाणं लावून तेही मोजून दाखवलं. “काळी दोन हाय सर. तुम्ही कागदावर पांढरी दोन लिवलायसा. सगळं गाणंच अर्ध्या सुरानं खाली आलंय.” खालच्या मजल्यावर साड्यांचे माग चालू होते, त्यांचा खडखडाट जमिनीतून माझ्या तळपायांत येत होता. माईक धरून माझी मुलगी श्रद्धा उभी होती. तिनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालेलं मला दिसलं. बापाची फजिती बघून पोरीला बरं वाटतंय असं मनात आलं, आणि माझे कान तापले. मी सगळ्यांना चहा प्यायला पाठवून दिलं आणि खिडकीशी जाऊन उगाच पडदा सारखा करत बसलो.

पट्टी म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पेटीच्या सात पांढऱ्या, पाच काळ्या. गाण्याचा षड्ज ज्या पट्टीवर बसतो तिचा रंग आणि नंबर सांगितला की झालं. भजनाला येणारा गवंडीसुद्धा “आमची काळी एक” म्हणून सांगतो आणि मगच टाळ उचलतो. आणि षड्ज एकदा बसला की बसला. बाकीचे सूर कुठंही भटकून येऊ देत, तो घरात असतो. हे गाणं मात्र तसलं नव्हतं. गाण्याचं नाव सांगत नाही, सांगितलं तर लोक मोबाईलवर लावून बघतील आणि मला शिकवायला येतील. पन्नास वर्षांमागचं अमेरिकन सोल गाणं, एका काळ्या बाईनं जीव खाऊन गायलेलं, मागं ट्रंपेट, ऑर्गन आणि छातीत घुमणारा बेस. कोल्हापूरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी श्रद्धानं हेच हट्टानं निवडलं. ह्या गाण्याचा षड्ज तीनदा जागा सोडतो. काळ्या दोनवर सुरू होतं. पहिलं कडवं संपलं की बेस एकदम पांढऱ्या सातवर पाऊल टाकतो. काळ्या दोनच्या घरात तो कोमल धैवत, म्हणजे घरातलाच पण जरा तोंड पाडून बसलेला माणूस. आपण त्याच्याकडं बघतोय तोवर तो सांगतो की मी धैवत नव्हेच, मी पंचम आहे आणि माझा षड्ज पांढरी तीन. झालं, सगळं गाणं अर्धा सूर वर. दुसऱ्यांदा तीच खोडी पांढऱ्या एकवरून, आणि गाणं पांढऱ्या चारवर. तिसऱ्यांदा मात्र कसलीच सूचना नाही. सगळी वाद्यं गप्प होतात. दोन मात्रा नुसती शांतता, आणि त्या शांततेतून बाई काळी तीन हवेतून उचलते. त्याच क्षणी ऑर्गन तिच्या पायाखाली येतो. नाही आला तर ती पडते. स्पर्धेत श्रद्धा ती बाई होणार होती आणि मी, कीबोर्डवर, तो ऑर्गन; साथीला बाहेरचा माणूस चालत होता. गाणं मी निपाणी–बेळगाव बसमध्ये, कानात इअरफोन घालून, मांडीवर वही ठेवून उतरवलं होतं. वाद्याला हात न लावता उतरवायचं ही माझी रीत. पेटीवर सूर चाचपत गाणं बसवणारे मास्तर वेगळे, त्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवत आलो आहे. मी ऐकतो आणि लिहितो, दुसरे लोक फोनवर पत्ता लिहून घेतात तसं. म्हणूनच चूक झाली ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही जागा न सोडता झाली.

घरी निपाणीला पोचलो तेव्हा राजमती ताटं वाढून बसली होती. आम्ही जैन, आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं. मी ताटावर बसलो नाही. पेटी ओढली, भाता दाबला आणि काळ्या दोनवर बोट ठेवलं. पांढरी दोन वाजली. बोट उचललं, डोळे मिटून परत ठेवलं. पांढरी दोन. पेटी बिघडली म्हणावं तर सगळीच्या सगळी, प्रत्येक पट्टी, मोजून अर्ध्याच सुरानं कशी बिघडेल? स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आमच्या घरात ती अकरा वर्षं काळी चार आहे. ती पांढरी पाच झाली होती. देवघरातली घंटा, मागच्या दाराची कडी, शेजाऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न, सगळं एक पायरी खाली उतरलं होतं, आणि गावात कुणालाच पत्ता नव्हता. हे आज झालं नव्हतं. कितीतरी दिवस झालेलं होतं आणि मी त्याच्या आत राहात होतो. इतके दिवस क्लासमध्ये मुलांची गाणी मला बेचव का वाटत होती, बस्तीतली, म्हणजे आमच्या मंदिरातली, सकाळची आरती मरगळलेली का वाटत होती, ते आत्ता कळलं. मी ते वयावर ढकललं होतं. “काय झालं हो? जेवा आणि गोळी घ्या,” राजमती म्हणाली. गोळी हा शब्द कानावर पडला आणि माझा हात भात्यावर थांबला.

गोळी सुरू झाली ऑक्टोबरात. मी आणि श्रद्धा मेव्हण्याकडून, चिकोडीच्या रस्त्यानं, मोटरसायकलवर येत होतो. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, ती मागं बसून काहीतरी गुणगुणत होती. मला तंबाखूचा वास आला. निपाणीच्या माणसाला तंबाखूचा वास येणं म्हणजे कोळ्याला मासळीचा येणं. माझ्या वडिलांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, लहानपणी माझ्या वह्यांनासुद्धा तो वास असायचा. पण ऑक्टोबरात तंबाखू रानात कोवळा हिरवा उभा असतो, वखारी झाडून ठेवलेल्या असतात. हा वास जळका होता, दाट होता, आणि वाऱ्याबरोबर येत नव्हता, नाकाच्या आतून येत होता. एवढंच मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते आभाळ, दातांत माती, आणि श्रद्धाचा चेहरा उलटा. तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं. डावा हात लोंबत होता आणि उजव्या हातानं तिनं माझं डोकं एका अंगावर धरून ठेवलं होतं, मी जीभ चावू नये म्हणून. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फिट म्हणून सांगितलं, सकाळ-संध्याकाळ गोळी लिहून दिली आणि बोट नाचवून बजावलं: मनानं बंद करायची नाही, एकदम बंद केली तर पहिल्यापेक्षा जोरात येईल. गाडी चालवायची नाही. आणि तो वास हीच तुमची सूचना, वास आला की आहे तिथं बसायचं आणि कुणालातरी सांगायचं. डॉक्टर हुशार होते, पण तंबाखूच्या गावातल्या माणसाला तंबाखूच्या वासाची सूचना पुरत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. फेब्रुवारीत, माल वखारीत आला की, अख्ख्या निपाणीला सूचना येत असते. सुराबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. झोप येईल म्हणाले, चक्कर येईल म्हणाले. कान अर्धा सूर खाली बसेल, हे कोण कशाला सांगेल? ज्याला पट्टी ओळखताच येत नाही त्याचं काय खाली बसणार?

त्या रात्री अंथरुणावर पडून मी हिशेब जुळवला. गोळी सुरू झाली आणि दिवाळीनंतर आरती मरगळली. शंका घ्यायला जागा नव्हती. आणि मला राग आला. भीती नंतर आली, पहिल्यांदा राग. माझ्याकडं ह्याशिवाय आहे काय? मी सहा वर्षांचा असताना बस्तीत पेटी वाजवणाऱ्या आण्णाप्पांनी मला पाठमोरं उभं केलं आणि एक पट्टी दाबली. मी म्हणालो, “दुसरी काळी.” मग त्यांनी तीन पट्ट्या एकदम दाबल्या. मी तिन्ही सांगितल्या. भजनाची माणसं उठून उभी राहिली. नंतर कितीतरी वर्षं वखारीतले हमाल मला हायवेच्या कडेला घेऊन बसायचे, “ह्यो हॉर्न कुठल्या पट्टीतला रं?” म्हणून विचारायचे, आणि मी सांगितलं की एकजण बस्तीपर्यंत पळत जाऊन पेटीवर वाजवून यायचा. माझे वडील, आप्पा, वखारीच्या दारात उभे राहून हे बघायचे. आयुष्यात त्यांनी माझं कौतुक केलं ते तेवढंच. मी मोठा गवई झालो नाही, ऑर्केस्ट्रात नाव झालं नाही, शाळेत संगीत शिक्षक म्हणून घेतलं आणि दोन वर्षांनी तो विषयच काढून टाकला. राहिलं ते हे. पहाटे जाग आली आणि लांबून एखादा ट्रक गेला, तर तो कुठल्या पट्टीत गेला हे सांगू शकणारा पंचक्रोशीतला एकटा माणूस मी. आता तेही उतरलं होतं, आणि उतरवणारी गोळी माझी बायको रोज पाण्याच्या तांब्यासकट हातात आणून देत होती.

सोमवारी सकाळी मी गोळी जिभेखाली धरली, पाणी प्यालो, आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन गटारात थुंकून टाकली. संध्याकाळची हातरुमालात. फसवणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. राजमतीनं चार महिन्यांत माझ्यावर एवढा विश्वास टाकला होता की ती माझ्या तोंडाकडं बघतसुद्धा नव्हती. रविवारी स्पर्धा होती. फक्त सात दिवस, मी स्वतःला सांगितलं. रविवारी वाजवायचं, सोमवारपासून परत गोळी. गाणं मी पोरीसाठीच वाजवणार होतो ना? मग हेही तिच्यासाठीच. मनाला पटवायला बसलं की मी कुणाला हार जात नाही. मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी झोप उडाली, हातांना बारीक कंप सुटला. गुरुवारी सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि ती काळी चार होती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि कुकरसमोर उभा राहिलो. राजमतीनं विचारलं, “काय हवंय?” मला काही नको होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दिवसभर मी गावभर फिरलो. बसस्टँडवरचे हॉर्न, पिठाच्या गिरणीचा पट्टा, शाळेची घंटा, सगळी आपापल्या जागी परत आली होती. पेटीवर ते गाणं घेतलं. पांढऱ्या सातवर बेस टाकला आणि पंचम माझ्या अंगावरून काट्यासारखा सरकला. गोळीवर असताना बोट एका जागी आणि सूर दुसऱ्या जागी पडायचा, म्हणून हात बिचकायचा, आपल्याच जिन्यावर पायरी चुकावी तसा. आता बिचकला नाही. त्या दोन मात्रांच्या शांततेनंतर काळी तीन माझ्या बोटांखाली आपोआप आली.

पण त्याच दिवसापासून दुसरंही सुरू झालं. मी वास घेऊ लागलो. फेब्रुवारीचा महिना, वखारींची दारं उघडी, रस्त्यावर तंबाखूची धूळ, बायका तोंडाला पदर बांधून चाळणीवर बसलेल्या. वास नसेल तरच नवल. तरी मी दर थोड्या वेळानं थांबत होतो. हा बाहेरचा की आतला? वारा कुठून आहे? माझ्या शेजारून जाणारा माणूस नाक पुसतोय का? घरात दार-खिडक्या लावून बसलो तरी यायचा, मग वाटायचं कपड्यांना लागला असेल. शुक्रवारी आंघोळ करताना आला. साबणाच्या फेसात, बंद न्हाणीत. मी भिंत धरून खाली बसलो आणि वाट बघत राहिलो. डोक्यावरून पाणी गळत होतं. काही झालं नाही. वास गेला. मी उठलो, अंग पुसलं, आणि बाहेर येऊन राजमतीला म्हणालो की पाणी जरा जास्तच गरम होतं. रविवार दोन दिवसांवर होता. मी कुणाला काही सांगितलं नाही.

श्रद्धा शुक्रवारीच हॉस्टेलवरून आली होती. आदर्श आणि बाकीची पोरं कीबोर्ड घेऊन बेळगावहून जीपनं परस्पर जाणार होती. आम्ही निपाणीतून बसनं जायचं ठरलं होतं, पण सीमेवर परत काहीतरी पेटलं. कुणीतरी कुणाच्यातरी बसला काळं फासलं, आणि शनिवारपासून इकडच्या बसा कोगनोळीच्या नाक्यापर्यंत, तिकडच्या नाक्यापासून पुढं. मधला टप्पा पायी. आम्हाला त्याचं नवीन काही नाही, दोन-चार वर्षांतून एकदा हे व्हायचंच. राजमती म्हणाली, “चाला की थोडं, पाय झिजत न्हाईत.” पण मी मोटरसायकलच्या गोष्टीवर आलो. का आलो ते आज सांगता येत नाही. सूर परत आला तेव्हा बाकीचंही सगळं परत आलं आहे, असं मला वाटलं असावं. श्रद्धा माझ्याकडं बघत राहिली. “डॉक्टरांनी काय सांगितलंय?” “हळू चालवा म्हणाले. चार महिने झाले की आता.” “गोळी?” “चालू हाय की.” मी तिच्या डोळ्यांत बघून हे सांगितलं. ती क्षणभर विचारात पडली, मग म्हणाली, “बरं, बसतो मी. पर चाळीसच्या वर न्यायची न्हाय.” आमच्याकडच्या पोरी ‘मी बसतो, मी गेलो’ असंच बोलतात, राजमती अजून तशीच बोलते. श्रद्धा मागं बसली. डावा हात अजून तिला खांद्याच्या वर नीट नेता येत नाही. तिनं उजव्या हातानं माझा खांदा धरला.

रविवारी हायवेला लागलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ऊन कोवळं होतं आणि मी खुशीत होतो, हे कबूल केलं पाहिजे. मागून येणारा प्रत्येक हॉर्न मी ओळखत होतो. पांढरी सहा. काळी एक आणि पांढरी चार, एकदम. कंटेनर, काळी पाच, जरा बसका. वखारी मागं पडल्या, वास मागं पडला. ऊस लागला. आणि मग कोगनोळी दोन-तीन किलोमीटरवर असताना तो परत आला. दाट. जळका. मी हँडल घट्ट धरलं. पुढं एक ट्रक चालला होता, हिरवी ताडपत्री आवळून बांधलेला. तंबाखूच असणार, मी मनाशी म्हणालो. ह्या दिवसांत कोल्हापूरकडं दुसरं काय जाणार? मी त्या ट्रकच्या मागं मागं राहिलो, त्याच्यापासून लांब जायला मला भीती वाटत होती. लांब गेलो आणि वास तसाच राहिला तर? श्रद्धाला विचारता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, तुला वास येतोय का गं? ती हो म्हणाली असती तर माझा जीव भांड्यात पडला असता. आणि नाही म्हणाली असती तर थांबावं लागलं असतं, सांगावं लागलं असतं, आणि ते गाणं, ती दोन मात्रांची शांतता, माझी काळी तीन, सगळं तिथंच रस्त्याच्या कडेला राहिलं असतं. मी विचारलं नाही. वेग कमी केला, वीसवर आणला. खांद्यावरचा तिचा हात आवळला. नाक्यापाशी पोलिसांचे बॅरिकेड दिसले, कडेला चहाची टपरी होती. “चहा घेऊ,” मी म्हणालो आणि गाडी आत घेतली. ट्रक पुढं निघून गेला. खाली उतरून मी गाडी स्टँडवर लावली. वास हळूहळू ओसरला.

टपरीच्या बाकड्यावर बसल्यावर श्रद्धानं मोबाईल काढला. पलीकडं बसमधून उतरलेली माणसं पिशव्या घेऊन, पोरांना ओढत, सीमा ओलांडत होती. “पप्पा, तिसरा चढ मला अजून दचकवतोय. जरा ऐका माझ्यासंगं,” ती म्हणाली आणि एक इअरफोन माझ्या कानात घातला, एक तिच्या. गाणं सुरू झालं. मी डोळे मिटले. “कुठनं कुठं जातंय, बोलत ऱ्हावा,” ती म्हणाली. मी बोलत राहिलो. “काळी दोन. आता बघ, बेस पांढऱ्या सातवर... गेलं. पांढरी तीन. पुढं परत, पांढऱ्या एकवरनं... हं, पांढरी चार.” मग ती शांतता आली. आणि बाई गायच्या आधी, त्या दोन मात्रांच्या पोकळीत, मी म्हणालो, “काळी तीन.” बाईनं काळी तीन लावली. इतकं सुख मला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. आता पोरगी काय म्हणते म्हणून मी डोळे उघडले. श्रद्धाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं इअरफोन कानातून काढला.

“गोळी कधीपासनं बंद केलायसा?”

“कुठली गोळी?” मी म्हणालो. माझं मलाच हसू आलं असतं, एवढं ते मूर्खासारखं होतं.

“पप्पा, त्या गोळीनं सूर अर्ध्यानं उतरतो. डिसेंबरातच वाचलतो मी. सगळ्यास्नी कळत न्हाय ते, तुमच्यासारख्यास्नी कळतंय. तुम्ही बोलला न्हाईसा, म्हणून मीबी बोललो न्हाय. म्हटलं, तुमाला वाईट वाटंल.” तिचा आवाज कापत होता, पण ती रडत नव्हती. “क्लासात आदर्शनं चूक काढली तवा मला किती बरं वाटलं, ठावं हाय? म्हटलं, गोळी चालू हाय, अंगाला लागलीया. तुम्ही चुकलासा म्हणून तर आज तुमच्या मागं बसलो मी. आणि आत्ता कानानं ऐकून एकबी पट्टी चुकला न्हाईसा.”

चहावाल्यानं दोन पेले समोर आणून ठेवले.

“किती दिवस?”

“सात.”

“आणि वाटंत गाडी एवढी हळू का केलासा?”

“पुढं तंबाखूचा ट्रक हुता. धूळ उडत हुती.”

“सिमेंटचा हुता, पप्पा,” श्रद्धा म्हणाली. “ताडपत्रीच्या फटीतनं पोती दिसत हुती.”

मी तिच्या गळ्याखाली बघितलं, जिथं हाड सांधलं आहे तिथं अजून बारीक उंचवटा आहे. सात दिवस मी एका बाजूला माझा कान आणि दुसऱ्या बाजूला हे हाड ठेवून बघत होतो, आणि सातही दिवस कान निवडत होतो. मला स्वतःची किळस आली. आणि लाज वाटून सांगतो, त्या किळसेतही, हायवेवरून एक हॉर्न गेला तो मी ओळखला. श्रद्धानं पिशवीतून पाण्याची बाटली आणि गोळ्यांचं पाकीट काढलं. ऑक्टोबरापासून ती ते जवळ बाळगत होती, हे मला तेव्हा कळलं. एक गोळी तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “तोंड उघडा.” मी उघडलं. चहावाला बघत होता. गाडीची किल्ली तिनं त्याच्याकडं दिली, संध्याकाळी कुणीतरी येऊन नेईल म्हणून सांगितलं, आणि आम्ही पिशव्या उचलून पायी निघालो.

“आज वाजवतो मी,” बॅरिकेडपाशी मी म्हणालो. “एका गोळीनं लगेच उतरत न्हाय सूर.”

“वाजवा की. मी नगं म्हटलो का?” तिनं माझा दंड धरला होता, मी पडलो तर सावरता येईल असा. थोडं चालून झाल्यावर, माझ्याकडं न बघता, ती बोलली. “उद्या सकाळी कुकरची पट्टी इचारणार. परवाबी इचारणार. ज्या दिवशी चुकशीला, त्या दिवशी हॉस्टेलला जातो. तवर न्हाय.”

“बुधवारपासनं परीक्षा हाय तुझी.”

“मग लवकर चुका,” श्रद्धा म्हणाली.